गाडी गार असंल तर

मु. पो. नेकनूर, जि. बीड
वैशाखातली भर दुपार

ती. स्व. प्रविणदाजींच्या चरणी शहादेवचा घामेजलेला नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे अजून वितळलेलो नाही. अक्काचे गुडघे, तुमचं पित्त आणि तुमची नवी गाडी, तिघांचीही प्रकृती उत्तम असावी. तुमच्या जुन्या गाडीची प्रकृती कळवावी म्हणून हे पत्र. (फोनच करणार होतो, पण गाडीचा विषय निघाला की तुम्हाला आवाज तुटक ऐकू येतो.)

गाडी माझ्या हवाली करताना तुम्ही म्हणाला होतात, की आत स्वेटर घालून बसावं लागेल असा एसी आहे. दाजी, तुमच्या या शब्दावर विसंबून मी सिरसाळ्याला विहीणबाईंना शब्द देऊन आलो. आमच्या धनश्रीला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, आणि आठवा लागला की पोरीला हलवायचं नाही ही दुसरी रीत. त्यात विहीणबाईंनी, भिवराबाईंनी, उन्हाकडे बोट दाखवून तिसरी काढली: "गाडी गार असंल तर न्या पोरीला, न्हाईतर बाळंतपण हितंच." म्हणजे आमच्या पहिल्या नातवंडाचा जन्म कुठं व्हायचा हे तुमच्या एसीवर येऊन ठेपलं, हातात आठ दिवस, आणि एसी लावला तर आजारी माणसाने फुंकर घालावी तसा वारा, तोही कोमट. पोरीच्या आईचं, मोहिनीचं, जेवणावरचं लक्ष उडालं. पोरगी पहिल्या खेपेला आईजवळ नसणार या विचाराने माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. हे तेवढं चेष्टेत लिहीत नाही.

गाडी अजिनाथ मिस्त्रीकडे नेली. हा आमच्या पंचक्रोशीतला गाड्यांचा धन्वंतरी, आणि सगळ्या धन्वंतरींसारखं त्याचं निदान पेशंट यायच्या आधीच तयार असतं: गॅस गेला. (आपल्याकडे गॅस एकतर पोटात होतो नाहीतर स्वयंपाकघरात संपतो; तो गाडीतूनही जातो हे मला या वयात कळलं.) गॅस भरला. वारा तसाच. मग भरलेलाही गेला असेल म्हणून पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशी कंप्रेसरवर आळ आला, पण तो बिचारा टक्‌ टक्‌ करून आपली नोकरी इमानाने करत होता. मग अजिनाथने गाडीच्या मागच्या मालकाबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल, जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही. मी त्याला अडवलं नाही, एवढंच कळवतो.

चौथ्या दिवशी त्याचा हात इंजिनाजवळच्या एसीच्या नळीला लागला. नळी गारठलेली, वर पाण्याचे थेंब. म्हणजे गारवा तयार होत होता, फक्त आत पोचत नव्हता. (सरकारी योजना आपल्याला काय नव्या आहेत?) त्याने डाव्या हाताचा कप्पा काढून एसीचा फिल्टर ओढला. फिल्टरामागून कापूस निघाला, कापसामागून तांदूळ, आणि मग एक उंदरीण आणि तिची पाच गुलाबी पिल्लं. अजिनाथ दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "मालक, एसीला काय बी झालं न्हाई. हितं आधीच एक बाळंतीण हाय."

तांदळाचा उलगडा घरी झाला. गाडी आल्यापासून मोहिनी रोज सकाळी तिला हळदकुंकू वाहून काचेखालच्या जाळीवर चिमूटभर अक्षता टाकायची, लेक सुखरूप येऊ दे म्हणून. एसीला हवा जाते ती त्याच जाळीतून. अक्षता आत गेल्या, अक्षतांमागे उंदरीण गेली. देवाने ऐकलं, फक्त माणूस ओळखण्यात गफलत झाली. (तेव्हा तुमच्याबद्दलचे शब्द मी अर्धे मागे घेतो. उरलेले ठेवतो, कारण फिल्टर सहा वर्षांत बदललेला नाही असं अजिनाथ छातीठोक सांगतो.) बाळंतिणीला उघड्यावर काढायला मोहिनी तयार होईना, म्हणून पिल्लांसकट खोक्यात घालून कडब्याच्या गंजीच्या आडोशाला नेऊन ठेवली. नवा फिल्टर बसला, गाडी गारेगार झाली, आणि आठवा लागायला दोन दिवस असताना धनश्री घरी आली.

अक्काला नमस्कार.

आपला,
शहादेव

ता. क. गाडी खरंच गार आहे का हे तपासायला विहीणबाईही सोबत आल्या, दोन दिवसांसाठी. आज अकरावा दिवस. जेवण झालं की लिंबाखाली गाडीत जाऊन बसतात, एसी लावून घेतात, काच खाली करून ताक मागतात आणि काच वर करतात. दाजी, पत्र लिहायचं खरं कारण हे: एसी गुपचूप बंद कसा पाडायचा? तुम्हाला सहा वर्षांचा अनुभव आहे.

ता. क. दुसरा. वरचं मोहिनीने वाचलं. म्हणाली, "कावून बंद पाडता? त्या गाडीत बसत्यात तेवढाच येळ लेक माज्या मांडीवर डोकं ठिवून बोलती." तेव्हा काही कळवू नका. मी डिझेल आणायला निघालो आहे.