चुलू बँडची गिटार आणि वुसाकिलेचे घर

मी लेविसन नकांदू, वय एकसष्ट, राहणार वुसाकिले, कित्वे, झांबिया, धंदा गिटारवादन (सध्या बंद), माझ्यामागची व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवतो. छाती खराब आहे, डोके शाबूत आहे. याबद्दल पत्नी रोयडाचे मत वेगळे आहे.

१. 'घर पत्नीस देतो' असे लिहिले होते. वाचून दाखवताच तिने पातेले आपटले. "अहो चिलेशेचे बाबा, माझंच घर मला देताय होय? सुकी मासळी विकून हप्ते मी फेडले. तुम्ही तेव्हा तारा बदलत होता!" खरे आहे. म्हणून दुरुस्ती करतो : घर तिचेच आहे. माझ्या कुळातल्या कोणाचाही त्यावर हक्क नाही.

२. बेस गिटार मुलगी चिलेशे हिला. आमच्या चुलू बँडचा पहिला कार्यक्रम इथल्या तांब्याच्या खाणीच्या सभागृहात झाला. पोरांनी नाचून खुर्च्या मोडल्या आणि व्यवस्थापकाने झाडू आमच्या हातात दिला. पुढे रेडिओवर देशी गाणी लावायचा हुकूम निघाला, तशी आमची तबकडी घरोघर पोचली. नैरोबी गाजवली. मग सरहद्दीपलीकडच्या लढाईमुळे रात्रीची संचारबंदी आली, तेव्हा भर दुपारी घाम गाळत वाजवले. तरी बँड मोडला नाही.

३. मोडला तो आमचा ड्रमवाला फिडेलिस कंग्वा गेला तेव्हा. सगळ्यांनी मिळून घेतलेले ड्रम त्याच्या घरी असत. माती होताच त्याचे भाऊ आले, "मेलेल्याची वस्तू कुळाची" म्हणाले, आणि ड्रम, पलंग, भांडी लॉरीत भरून गेले. त्याची बायको एस्नार्ट नेसत्या कपड्यांनिशी उरली. लॉरी माझा धाकटा भाऊ कपोत्वे याची होती. "भाड्यानं बोलावलं, गेलो, दादा. माल कुणाचा, हे ड्रायव्हर विचारतो का?" असे तो अजून म्हणतो. मी त्याला क्षमा केलेली नाही.

४. परदेशातले लोक आमची तबकडी पुन्हा काढणार आणि पैसे देणार, ही बातमी फुटल्यापासून कपोत्वे दर रविवारी जेवायला येतो आणि घरातल्या वस्तूंवर नजर फिरवतो. मला मरणाची भीती नाही, त्यानंतरच्या आठवड्याची आहे. त्याला मी काही देत नाही. त्याने फक्त साक्षीला सही करावी. सही करणारा उद्या लॉरी आणणार नाही.

वुसाकिले, १४ ऑगस्ट २००३. सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले.
लेविसन नकांदू (सही)

साक्षीदार : पास्टर डॅमसन चिसंगा (सही)

साक्षीदार : कपोत्वे नकांदू. "सख्ख्या भावाला कागदावर चोर ठरवतोस?" असे म्हणून सही न करता उठून गेले.

त्यांच्या जागी : एस्नार्ट कंग्वा. पुढील शब्द त्यांच्या आग्रहावरून लिहिले : "कुळातले लोक आधी भांडी उचलतात. मग सांत्वनाला आलेल्यांना जेवू घालता येत नाही, माणसं निघून जातात आणि बाई एकटी पडते. रोयडा, माझी पातेली घेऊन मी आधीच येऊन बसेन." (सही)