कटंगीच्या बाजाराची लांबची वाट

बाबूजी, तुम्ही गेल्यानंतर या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण भेटलो असतो तर तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. छत्तीस आऱ्यांचं चाक मी बोलता बोलता भरतो. हे कोणी शिकवलं नाही, एक मोडकं चाक सोडवलं आणि ते पुन्हा जमेपर्यंत जेवायला उठलो नाही. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचं स्टँड केलं, ते तुमच्या मागाच्या चौकटीच्या सागवानाचं आहे. माग विकला तेव्हा घेणाऱ्याने मोडकी बाजू सोडून दिली होती, ती मी ठेवून घेतली. ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या, आईच्या मशीनवर, दुहेरी टाक्याच्या. पाण्यात बुडवली तरी आतली बिडी पेटेल. दोन मोडक्या फ्रेमी जोडून दोन माणसांची सायकल केली, तिच्यावर कारध्याचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं वैनगंगेच्या पुलावरून मिरवून आलं. दुकानाची पाटी मीच रंगवली. आणि शेवटी एक रस्ता केला. म्हणजे डांबर सरकारचंच, पण कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे पाणी प्यायचं आणि कुठे ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, हे सगळं जोडलं मी.

त्या रस्त्यासाठीच लिहायला बसलो. नागपूरचा एक माणूस तो विकत मागत होता. आणि त्याच महिन्यात शहापूरच्या माझ्या दुकानाच्या मालकाने जागा विकायला काढली. तुम्ही घ्या नाही तर दिवाळीनंतर खाली करा, असं सरळ सांगितलं. हायवेवरची जागा आहे, त्याची चूक नाही. रस्ता विकला असता तर जागेचा बयाणा भरता आला असता आणि दुकान राहिलं असतं, एवढा साधा हिशेब होता.

रस्ता कसा विकतात ते तुम्हाला समजावून सांगणं कठीण आहे. तुमच्या काळात सायकल त्याची, ज्याच्याजवळ दुसरं काही नाही. आता मोटारवाले लोक मोटारीच्या डोक्यावर सायकल बांधून आणतात. रविवारी उजाडायच्या आत नागपूरहून येतात, डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतल्या बाई, आणि मी त्यांना पुढे घालून नेतो. मोहाडी, आंधळगाव, कांद्री. मग धानाच्या बांध्या संपतात, साग सुरू होतो, डाव्या हाताला गायमुखचे डोंगर लागतात. तिथून चढ-उतार, चढ-उतार करत गोबरवाहीकडे, नाकाडोंगरीकडे, आणि शेवटी बावनथडीच्या पुलावर. पुलापलीकडे मध्य प्रदेश. तिथे पोहोचलं की हे लोक सायकली वर उचलून फोटो काढतात. आता हा रस्ता मोबाईलमध्ये बसतो, मी दिला तर कोणीही उघडून त्यावरून जाऊ शकतो. पण बसवला मी. तुम्ही कापडाचे गठ्ठे घेऊन कटंगीच्या बाजाराला जात होता, तीच वाट आहे ही.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळचं घर मला आजही जसंच्या तसं दिसतं. आई चुलीपुढे, तुम्ही चटईवर. लुगडी, पंचे, धोतरं घडी करून एकावर एक, आणि मधे जुन्या चादरीचा तुकडा, म्हणजे एकाची खळ दुसऱ्याला लागू नये. गठ्ठा बांधताना तुम्ही गुडघा लावता आणि दोरी ओढता, तेव्हा दाताखाली जीभ धरता. मला गाठ शिकायची असते आणि तुम्ही म्हणता, पाह्य आधी, हात नंतर लाव. पावसाळ्यातली एक गोष्ट मात्र मला कधी कळली नव्हती. पावसात बाजार भरत नाही धड, तरी तुम्ही एखाद्या दिवशी जात होता. चिंब होऊन येता, पाटावर बसता, आणि आईने ताट वाढायच्या आत सांगता, "औंदा तीन आहेत." आई विचारत नाही तीन काय. दुसऱ्या दिवशी ती हिरव्या सुताच्या कांड्या भरायला घेते. मला वाटायचं तीन गिऱ्हाईकं असतील. लहान होतो, आणि नंतर मोठा झालो तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

विशीत मी तुमच्यासाठी कॅरिअर केलं. आठवतं ना? बाजारात मिळायचं ते अरुंद, गठ्ठा एका अंगाला कलायचा. मी सळई आणली, उसनं वेल्डिंग आणलं, आणि दोन्ही बाजूंनी हातभर रुंद, चारी कोपऱ्यांना आकडे असलेलं कॅरिअर करून तुमच्या सायकलीला बसवलं. गठ्ठे आडवे पसरून बसले, हलायचं नाव नाही. तुम्ही भोवती एक फेरी मारली, हात फिरवला, सांधे पाहिले. मग डाव्या बाजूला उभे राहून, हँडल धरून अंगणात चार पावलं चाललात. कॅरिअर तुमच्या मांडीवर लागलं. पुन्हा चाललात, पुन्हा लागलं.

"चांगलं झालं," तुम्ही म्हणालात. "पण हे बसून जाणाऱ्याचं आहे."

मी चिडून विचारलं, बसूनच जाता ना तुम्ही?

"उतारावर. चढावर मी तिले नेतो, ती मले नाही नेत. आरी दे."

आणि माझ्यासमोर तुम्ही डावी बाजू कापून टाकली. कापलेली टोकं कानशीने घासलीत, वर चिंधी गुंडाळलीत, गठ्ठे उजवीकडे सरकवून नव्याने बांधलेत आणि पहाटे निघून गेलात. मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोललो नाही. आता माझ्याकडे कोणी सायकल दुरुस्तीला आणली की मी आधी विचारतो, तुम्ही चालवता कशी, चालवून दाखवा. नागपूरच्या शिकलेल्या पोरांना हे माझं शास्त्र वाटतं. असो.

रस्ता जोडला तेव्हा मी तुमच्या वाटेने जायचं ठरवलं, पण एका ठिकाणी तुमची वाट मला पटेना. गायमुखच्या पुढे खाणीकडे जाणारा रस्ता सरळ खिंडीतून वर चढतो आणि पलीकडे उतरतो. तुम्ही तो सोडून डोंगराला पूर्ण वळसा घालायचात, सागाच्या जंगलातून, एका लहानशा गावातून. मला वाटलं, चढ टाळत असाल, वय झालं होतं. पहिल्या रविवारी मी मंडळी खिंडीतून नेली. चढ उत्तम होता. पण मँगनीजचे ट्रक एकामागून एक जाऊन राहिले होते, आणि उतरून पाहतो तर सगळ्यांचे पांढरे कपडे काळे पडलेले. बँकेतल्या बाईंनी नंतर सांगितलं, दोनदा धुतले तरी डाग गेले नाहीत. माझ्या डोक्यात रस्त्यातच उजेड पडला होता: ओल्या खळीचं पांढरं कापड, आणि ही धूळ. म्हणून वळसा. मी स्वतःवर खूश झालो. पुढच्या रविवारपासून वळशाने जायला लागलो आणि सगळ्यांना कारण समजावून सांगायला लागलो.

त्या गावात हातपंपाजवळ आम्ही थांबतो. समोरच्या घरातली एक म्हातारी दर वेळी बाजेवर बसून आम्हाला पाहायची. एकदा तिने विचारलं, कुठले जी तुम्ही? मी म्हटलं, मी मूळ आंधळगावचा. म्हणाली, तिकडचा एक कापडवाला येत होता, सायकल हातात धरून, गावात शिरताना कधी बसलेला दिसला नाही.

"तो माया बाप," मी म्हटलं.

तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. हेल्मेट, चष्मा, गुडघ्याच्या वर थांबलेली घट्ट चड्डी. "बाप एवढं कापड इके," म्हणाली, "अन् तुले पुरा पँट नाही भेटला?"

मंडळी हसून हसून हातपंपाला टेकली. मीही हसलो, आणि मग माझी हुशारी तिला ऐकवली, खाणीची धूळ, खळ, कापड.

"धूळ?" ती म्हणाली. "अन् सावनात कोणती धूळ होती बाप्पा? सावनातबी येच तो."

मग तिने सांगितलं. त्या गावात हळदीला नेसायचं हिरवं लुगडं बाजारातून उचलून आणत नाहीत. ज्याने विणलं त्याने स्वतः दारात येऊन पहिली घडी मोडायची, नवरीच्या हातावर ठेवायची, मग ती नेसणार. पावसाळ्यात तुम्ही रिकाम्या हाताने यायचात ते विचारायला, की यंदा कोणाच्या घरी लग्न आहे. मग हिवाळाभर तेवढी लुगडी विणायची आणि उन्हाळ्यात एकेक आणून द्यायची. "माया लुगड्याची घडी तुया बापानंच मोडली," ती म्हणाली. "हात पुसून घेतले आधी, आमच्या पडवीले. मी पाहून राहिली होती."

औंदा तीन आहेत. बाबूजी, मी परत येताना मोहाडीपर्यंत मंडळींच्या खूप मागे राहिलो. लोकांना वाटलं चढाने दमलो.

आता नागपूरवाल्याचं. चांगला पोरगा आहे, नम्र आहे, सायकल नीट चालवतो. दोन रविवार आमच्यासोबत आला. त्याला रस्ता हवा होता, मोबाईलमधला आणि माझ्या डोक्यातलाही: पाण्याच्या जागा, सावलीच्या जागा, कुठला उतार कसा घ्यायचा. पैसे देणारे पाहुणे तो या वाटेने नेणार होता. अट एवढीच, की रस्ता मग त्याचा, मी दुसऱ्या कोणाला न्यायचं नाही. आणि वळसा काढून टाकायचा. "काका, त्या गावात पाहण्यासारखं काय आहे?" त्याने विचारलं. "खिंडीतून घेऊ. वर फोटोसाठी जागा करू. ट्रक नसतील अशा वेळी काढू लोकांना." मी म्हटलं, पैसे कमी दे, पण वळसा ठेव. तो म्हणाला, लोक चढासाठी पैसे देतात, हातपंपासाठी नाही. खोटं नाही बोलला तो.

तुमच्या सुनेला मी त्या पोराची मागणी सांगितली, म्हातारीचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भाकर उलटवली आणि म्हणाली, "डोंगर का बाबूजीनं बांधले होते? इका ना वळसा. दुकान गेल्यावर काय मले घेऊन हातपंपावर बसान का?" तिचं म्हणणं मी आजही खोडू शकत नाही. तिने या दुकानाच्या मागच्या खोलीत सहा वर्षं संसार केला आहे, तेव्हा तिचा हक्क माझ्याएवढाच आहे.

मी चार दिवस घेतले. एक दिवस एकटाच निघालो, नकाशा न उघडता. वळणावर आलो तेव्हा डावीकडे खिंडीचा नवा डांबरी रस्ता, उजवीकडे वळसा. उजवीकडे गेलो. गावाआधीच्या चढावर मी सायकलवरून उतरलो. एवढी वर्षं चालवतो, या चढावर कधी उतरलो नव्हतो, गिअर आहे, पाय आहेत. उतरलो आणि डाव्या बाजूने हँडल धरून चालत गावात गेलो. म्हातारी बाजेवर नव्हती, शेतावर गेली असं तिच्या सुनेने सांगितलं. मी पाणी प्यायलो आणि परत आलो, आणि संध्याकाळी नागपूरवाल्याला फोन करून नाही म्हटलं.

दिवाळीनंतर दुकान सोडायचं आहे. स्टँड आणि अवजारं आंधळगावच्या घरी नेईन, पडवीत मांडीन. गिऱ्हाईक तिथवर येईल की नाही, ठाऊक नाही. हे पत्र कुठे टाकायचं ते तर मुळीच ठाऊक नाही, तेव्हा ते इथेच राहील. तुमच्या सुनेला हे वाचायला मिळू नये एवढंच पाहिजे, कारण नाही म्हटल्यानंतर तिला मी सांगितलं आहे की तो पोरगा रस्त्याचे साठच हजार देऊन राहिला होता. त्याने तीन लाख दहा हजार म्हटले होते, बाबूजी.