खंदकातले पाहुणे

४ नोव्हेंबर
पोहोचलो एकदाचा. ट्रकने हाडं खिळखिळी केली, पण शिलाई मशीनला ओरखडाही नाही हे पाहून जिवात जीव आला. भाचा वाट बघत उभाच होता. 'मामा' म्हणून अशी मिठी मारली की आता सगळी चौकी मला मामा म्हणते. निघताना ताईने बजावलंय, एवढं एकच पोर आहे, डोळ्यांत तेल घालून सांभाळ. त्याच्याकडे बंदूक, माझ्याकडे सुई. कोण कोणाला सांभाळणार देव जाणे. निदान तो पोटभर जेवतो की नाही, एवढं तरी बघेन.

७ नोव्हेंबर
काम मजेशीर आहे. लढाई इतकी वर्षं चाललीय की माणसं पुरत नाहीत, म्हणून खंदकाच्या कडेला पेंढ्याचे शिपाई उभे करतात. जवान त्यांना पाहुणे म्हणतात. खाली बसून दोरी ओढली की पाहुण्याची मान हलते, समोरचा नेमबाज फसून गोळी झाडतो, त्याची जागा कळते आणि आमची तोफ तिकडे वळते. त्यांचे कपडे मी शिवायचे. हवालदाराने दोन गोष्टी सांगून ठेवल्यात. रांगेत जागा रिकामी दिसता कामा नये. आणि पाहुण्याला कोरंच कापड, कुणी अंगात घातलेलं चुकूनही नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, मामा, तुम्ही आपले टाके घाला.

१५ नोव्हेंबर
बर्फाने रस्ता बंद. कोरं कापड संपलं आणि डावीकडच्या पाहुण्याची गोळ्यांनी चाळण झालेली. जवानांच्या दुरुस्तीला आलेल्या कपड्यांच्या ढिगातून हाताला लागला तो शर्ट त्याला चढवला. खरं सांगू, मला आवडलंच. कोऱ्या कापडाला अंगाचं वळण नसतं, वापरलेल्याला असतं. पाहुणा असा झकास उभा राहिला की स्वयंपाक्याने त्याला चहा विचारला. मी दिवसभर कॉलर ताठ करून फिरलो.

१८ नोव्हेंबर
भाचा जेवत नाही. भूकच नाही म्हणतो. थट्टा केली, तरी हसला नाही. हात धरला तर हलका लागला, फारच हलका. ताईला काय कळवू?

१९ नोव्हेंबर
पाहुण्याची कॉलर नीट करायला गेलो. छातीला हात लागला. ऊब होती. बर्फात उभ्या पेंढ्याला ऊब. खिशावर माझाच टाका होता. भाच्यासाठी मीच शिवलेला शर्ट. ढिगातून न बघता उचलला मी.
हवालदाराला सांगितलं. तो ओरडला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाला, शर्ट काढा, पोरगं सुटेल. पण पाहुण्याला एकदा अंगाची चटक लागली की तो कोऱ्या कापडात उभा राहत नाही.

२० नोव्हेंबर
शर्ट काढायच्या आतच पाहुण्याच्या खांद्याला गोळी लागली. भाचा आत बसला होता. त्याच क्षणी तो खांदा धरून कळवळला. जखमेत रक्त नाही — पेंढा. मलमपट्टीवाल्याने चिमट्याने एक काडी ओढून काढली.

संध्याकाळी
शर्ट काढला. कोरं पोतं फाडून गुंडाळून पाहिलं. कोसळतो. पुन्हा कोसळतो. जागा रिकामी दिसली तर समोरचे चाल करून येणार. हवालदार स्वतःच्या शर्टाची बटणं काढायला लागला. त्याला दोन लहान मुली आहेत. मी त्याचा हात धरला.
माझा शर्ट चढवला. पाहुणा उभा राहिला.

२२ नोव्हेंबर
भाचा जेवला. परत मागून घेतलं. जखम भरतेय. त्याला काही सांगितलेलं नाही. ताई, तुझं पोर जेवलं गं.
मला भूक नाही.

२४ नोव्हेंबर
सुईत दोरा ओवता येत नाही. बोटं वाकत नाहीत — करकरतात.

२५ नोव्हेंबर
खोलीत बसलोय, पण समोर दरी दिसते. वारा लागतो. मान आपोआप वळते — पुन्हा —
आज दोरीवर भाच्याची पाळी आहे.
टेकडीवर काहीतरी चमकलं. हाक मारतोय, आवाज निघत नाही — पोरा, सोड ती दोरी — ओढू न