सड्यावरची डावी फेरी

सोमवार, ५ मे १९८६. दुपार.

ताजी बातमी: रत्नागिरीजवळच्या सड्यावर रविवारी, २५ मे रोजी, मोटारींची भव्य शर्यत होणार. दुजोरा: मी स्वतः. इतरांचा दुजोरा मिळू शकला नाही, कारण जेवणं होऊन घर झोपलं होतं.

पार्श्वभूमी. माझी बायको सुमेधा हिचा धाकटा भाऊ भास्कर अमेरिकेहून महिन्याच्या सुट्टीवर आला आहे. बहिणीला त्याने साडीवर मारायचा सेंट आणला, मला व्हिडिओ कॅसेट. अलाबामा राज्यातल्या सुपरस्पीडवेवरची स्टॉक कार रेस. शेजाऱ्यांचा व्हीसीआर उचलून आणला. अमेरिकन कॅसेट आपल्या व्हीसीआरला मानवत नाही. रंग नाही, आवाज बसका, आणि चित्र सारखं वर वर सरकत जातं. तरी शेवटपर्यंत पाहिली. मान अवघडली आहे. खेळ मात्र पूर्ण समजला.

भास्कर म्हणतो, स्टॉक कार म्हणजे दिसायला आपली नेहमीची, दुकानात मिळणारी गाडी. म्हणजे माझी फियाट. भास्कर यावर काही बोलला नाही. त्याला पटलं असावं.

हे सगळं कशासाठी, तर खुर्चीसाठी. आमच्या साप्ताहिकाचे मालक-संपादक आप्पा डोळ्यांच्या त्रासामुळे पावसाळ्यानंतर मुलाकडे कायमचे जाणार. उपसंपादक मी एकटाच. तरी आप्पा मला म्हणाले, "लोक कापून जपून ठेवतील अशी एक बातमी आण, खुर्ची तुझी. आजवर आपल्या अंकातलं एकच कात्रण लोक जपतात, तुझ्या बायकोचं." सुमेधा पान दोनवर पाककृती लिहिते. बायका कात्रीने कापून डब्याच्या झाकणात ठेवतात. त्याला पत्रकारिता म्हणायचं का, हा वेगळा विषय.

संकल्प: ड्रायव्हरचं वजन कमी हवं. आजपासून आंबा बंद.

मंगळवार, ६ मे

आंबा बंद म्हणजे फोडी बंद. रस हा द्रव पदार्थ आहे. दोन वाट्या.

गुरुवार, ८ मे

सड्यावर जाऊन आलो. नुसतं जांभ्या दगडाचं सपाट पठार, गवत वाळलेलं, झाड नाही. देवाने सुपरस्पीडवेसाठीच ही जागा केली असावी. भास्करने पावलं टाकून अंडाकृती मार्ग आखला, मी चुन्याने रेघ मारली.

सडा वाडीच्या मालकीचा. परवानगीसाठी मानकरी भागोजी यांना भेटलो. माणूस भला. म्हणाले, "फिरवा की गाड्या, आमचं काय जातंय? पन राखणदार मधी येतोय तुमच्या. फेरी उजवी घाला म्हंजे झालं."

पाहिलं तर खरंच, आमच्या अंड्याच्या बरोबर मध्ये राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, पाषाण, शेंदूर लावलेला. मी त्यांना समजावलं की अमेरिकेत सगळ्या गाड्या डावीकडे वळत जातात, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. भागोजी म्हणाले, "त्यांच्या मधी राखणदार हाय का?" भास्करला विचारलं. तो म्हणाला, मध्ये हॉट डॉगची दुकानं असतात. भागोजी म्हणाले, "मग त्यांचं बरोबर हाय."

चर्चा सौहार्दाची झाली. हळूहळू पटेल त्यांना.

रविवार, ११ मे

स्पर्धक मिळाले. लवूची अॅम्बॅसेडर टॅक्सी. लवू म्हणाला, "भाऊ, तुमची फियाट मारुती मंदिराचा चढ चढताना पॅसेंजर उतरवते. ती शर्यतीत कुणाला उतरवणार? तुम्हालाच?" स्टँडवरचे बाकीचे टॅक्सीवाले हसले. मीही हसलो. खेळाडूला मन मोठं लागतं.

तिसरी गाडी बर्फाच्या कारखान्याचा टेम्पो, चालक धोंडू. टेम्पो ही स्टॉक कार होत नाही, असा मुद्दा मीच काढला आणि मीच मागे घेतला. दोन गाड्यांना शर्यत म्हणत नाहीत, पाठलाग म्हणतात.

रस: तीन वाट्या. उन्हात फिरावं लागलं.

बुधवार, १४ मे

आज ड्राफ्टिंगचा सराव. कॅसेटवरून शिकलो. पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून राहायचं, वारा तो कापतो, आपण फुकट जातो. शेवटच्या वळणावर बाहेर पडून पुढे. लवूही सड्यावर सरावाला आला होता, त्याला काही न सांगता त्याच्या टॅक्सीमागे लागलो.

अमेरिकेतला रस्ता डांबराचा असतो, ही गोष्ट चित्र वर सरकत असल्यामुळे नजरेतून सुटली होती. सड्यावरची सगळी लाल धूळ काचेतून आत आली. मी डोळे मिटून चालवत राहिलो. लवू कधीच घरी गेला होता.

अंगणात शिरलो तर सुमेधाने पदर सावरून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

तंत्रात दोष नाही. धोंडूच्या टेम्पोमागे राहायचं. त्यातून बर्फाचं पाणी गळतं, धूळ बसेल.

शनिवार, १७ मे

सुपरस्पीडवेची वळणं बाहेरून उंच असतात, बशीच्या कडेसारखी. भागोजींच्या भावकीतले चौघे आणि पडून असलेले जांभ्याचे चिरे मिळाले. एका वळणापुरतेच. त्यावर माती टाकून छान उतार केला. भास्कर म्हणाला, "भाऊजी, ही बँकिंग नाही, जिना आहे." अमेरिकेत राहून माणूस बारीकसारीक गोष्टींत अडकतो.

सुमेधाने विचारलं, शर्यतीच्या दिवशी मी काय करायचं? तिला पिट क्रूची प्रमुख नेमलं. म्हणजे स्टेपनी बदलायची. ती म्हणाली, "स्टेपनी पंक्चर आहे, अहो. गणपतीपासून."

मंगळवार, २० मे

आप्पांनी बोलावलं. खूश दिसले. झेंडा दाखवायला स्वतः येणार. "पहिलं पान रविवार संध्याकाळपर्यंत उघडं ठेव," म्हणाले. "शर्यत संपली की घाईने जुळवून टाकू."

चौकड्यांचा झेंडा हवा. माझी चौकड्यांची लुंगी धुवायला टाकली.

शुक्रवार, २३ मे

अडचण. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या रामाच्या भाच्याचं लग्न रविवारी लांज्याला. शनिवारी दुपारीच निघतो म्हणाला, रविवारी नाही जमणार. बिचारा रडवेला झाला. मी थोर मनाने सुट्टी दिली.

ज्याला डेडलाइनची सवय आहे त्याला घटना घडण्याची वाट पाहावी लागत नाही. सभेची बातमी मी अध्यक्ष उभे राहण्याआधी लिहितो, आजवर एकाही अध्यक्षाने तक्रार केलेली नाही. बसून एकटाकी लिहिलं. मथळा: 'सड्यावर अवतरली अमेरिका!' खाली: 'अटीतटीच्या झुंजीत आमचे उपसंपादक विजयी.' स्वतःबद्दल लिहिताना संयम ठेवला. 'वाऱ्याशी स्पर्धा' एकदाच वापरलं. शेवटचं वाक्य: 'विजयी वीराला गर्दीने अक्षरशः उचलून घेतले.'

सुमेधाला वाचून दाखवलं. ती पान दोनसाठी फणसाच्या साटांची, म्हणजे फणसपोळीची, कृती लिहीत होती. म्हणाली, "आणि हरलात तर?"

मी तिला शांतपणे सांगितलं की बातमी छापून गेल्यावर हरणं शक्यच नाही.

शनिवार, २४ मे

रामाने पान लावलं, प्रूफ मी पाहिलं, अंक छापून झाला. अंक आधी छापल्याचं आप्पांना कळवायचं राहिलं. सोमवारी सकाळी अंक हातात पडेपर्यंत ते भिंग उघडत नाहीत. गठ्ठे उद्या दुपारच्या एसटीने खेड, दाभोळ, लांज्याकडे रवाना होतील.

स्टॉक कारचे दरवाजे बंद असतात, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. फियाटचे चारही दरवाजे काथ्याने बांधून टाकले. खिडकीतून शिरण्याचा सराव केला. कंबरेपर्यंत उत्तम. उरलेलं उद्या.

रस घेतलाच नाही. फक्त फोडी.

रविवार, २५ मे. संध्याकाळ.

शर्यत झाली. दुजोरा: अख्खी वाडी, शिवाय रत्नागिरीहून टॅक्सी भरभरून आलेली माणसं.

जसं घडलं तसं लिहितो. इथे तरी.

तिन्ही गाड्या राखणदाराकडे तोंड करून उभ्या केल्या होत्या. भागोजींनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, आज ही लेकरं तुझ्याभोवती गाड्या पळवतायत. त्यांची काय चूकभूल असंल ती पोटात घाल." सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" "तुझी उजवी फेरी धरतील, त्यांच्या चाकाला दगड लागू देव नको." "व्हय म्हाराजा!" लवू आणि धोंडू सगळ्यांत मोठ्याने. भास्करसुद्धा, आणि त्याच्याकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे. मी 'व्हय' म्हटलं नाही. तत्त्व म्हणून नव्हे. मी तेव्हा खिडकीत कंबरेशी अडकलेलो होतो आणि सुमेधा मागून ढकलत होती.

आप्पांनी लुंगी फडकवली. मी अमेरिकेच्या बाजूने निघालो, ते दोघं राखणदाराच्या.

पहिल्या वळणापर्यंत समोर कोणी नाही, मागे कोणी नाही. मला वाटलं, आपण इतके पुढे आलो? दुसऱ्या वळणावर समोरून धुळीचा ढग आला. मी म्हटलं, चला, गाठलंच यांना, आता ड्राफ्टिंग. पण ढगातून पाठीऐवजी अॅम्बॅसेडरचं तोंड निघालं. लवू हॉर्न दाबून डोकं बाहेर काढून ओरडत होता, "भाऊ, उलटे! उलटे!" मी त्याला हात केला. सच्चा स्पर्धक.

हिशोबाने पाहिलं तर प्रत्येक फेरीत मी दोन्ही गाड्यांना दोन-दोनदा ओलांडलं. असा विक्रम अलाबामातही कोणी केला नसेल. हा मुद्दा मी नंतर मांडला, कोणी नोंद घेतली नाही.

चौथ्या फेरीला माझ्या चिऱ्यांच्या वळणावर समोर धोंडूचा टेम्पो. रस्ता एक, आम्ही दोघं. मी उताराचा आधार घ्यायचं ठरवलं. कॅसेटमध्ये गाड्या तशाच वर चढतात. फियाटही चढली. भास्कर म्हणतो तो जिना अगदी वरपर्यंत चढली आणि तिथे पोटावर बसली. चारही चाकं हवेत. मागची बराच वेळ फिरत होती, वेगाने. गाडीत दम आहे, हे सिद्ध झालं.

दरवाजे बांधलेले. खिडकीतून बाहेर निघायचा सराव केलाच नव्हता. भागोजी कोयता घेऊन आले, काथ्या कापता कापता म्हणाले, "राखणदार तुमच्यावर रागावला नाय हां भाऊ. रागावता तर खाली पाडता. त्यानं नुसतं उचलून बाजूला ठेवलं." मग चौघांनी बगलेत हात घालून मला ओढून काढलं. बातमीतलं एक वाक्य मात्र शब्दशः खरं ठरलं.

लवूने दहा फेऱ्या पूर्ण केल्या, अकरावी देवाची म्हणून मारली, आणि स्पर्धा जिंकल्याबरोबर टॅक्सी वळवून ओरडला, "रत्नागिरी, रत्नागिरी! एक सीट खाली!"

ती सीट मी घेतली.

निघताना आप्पा काठी टेकत आले. इतके हसले होते की डोळ्यांतलं पाणी पुसत होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, हीच ती! खिडकीत अडकलेला तू, तो उलटा फेरा, तो भागोजी! जसं झालं तसं लिही. एक शब्द सजवू नकोस. सबंध जिल्हा कापून ठेवील. खुर्ची तुझी, जा. पहिलं पान उघडं आहे ना?"

मी म्हटलं, पहिल्या पानावर शर्यतच आहे.

खोटं बोललो नाही.

तिथून थेट छापखाना. कुलूप. किल्ली रामाच्या खिशात, रामा लांज्याच्या मांडवात. एसटी स्टँडवर धावलो. गठ्ठे दुपारीच गेले. गावातला गठ्ठाही वाटपवाल्याने नेला. घरी येऊन ओट्यावर बसलो. सुमेधाने न विचारता रसाची वाटी पुढे ठेवली. मी नको म्हटलं. महिन्यातला संकल्प पाळलेला पहिला दिवस.

मी तिला म्हटलं, निदान एक बरं. उद्या लोक वाचतील, हसतील आणि परवा त्याच कागदात बोंबील बांधतील. आपल्या साप्ताहिकाला किती आयुष्य असतं?

ती उठली. मग आत जाऊन शनिवारी मी घरी आणलेला छापील अंक घेऊन आली आणि पहिलं पान दिव्यासमोर धरलं. माझ्या बातमीच्या बरोबर पाठीमागे, चौकटीला चौकट लागून, पान दोनवरची फणसाच्या साटांची कृती.

"फणस पिकलेत घरोघरी," ती म्हणाली. "ही सगळ्या बायका कापणार, अहो."

उद्याचा अंदाज: अंक सकाळी आप्पांच्या हाती पडेल. ते भिंग काढून पहिलं पान वाचतील, मग मला बोलावतील. दुपारपर्यंत रत्नागिरीत कात्र्या चालू होतील. संध्याकाळपर्यंत खेड, दाभोळ, लांज्यात. कात्रण जपून ठेवलं जाईल, पिढ्यान्‌पिढ्या, डब्याच्या झाकणात. दुजोरा: सुमेधा.