माळ गुडघ्यापर्यंत आली

हैदराबाद

माय,
तुझ्या पायावर डोकं ठेवते.

बाबा बरे आहेत. सकाळी अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली. भीमपूरचं सोयाबीन निघालं का, म्हणून विचारत होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं नाही. तेवढा त्रास तरी वाचला.

काविळीची माळ तू त्यांच्या गळ्यात घातली म्हणून उशीर झाला, असं मनात आणू नको. दोन महिन्यांआधी बाबा मले फोनवर म्हणाले होते, "डोळे पिवळे झाले, पण दुखत काहीच नाही." मी म्हटलं, "मग बरं आहे." न दुखणारी कावीळ स्वादुपिंडाच्या कॅन्सरची खूण असू शकते, हे दवाखान्यात लोकांले सांगण्यात माझी सात वर्षं गेली, माय. घरच्या माणसानं सांगितलं तवा मले ऐकू आलं नाही.

नर्स माळ कापणार होती. मी कापू दिली नाही. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, असं बाबा सगळ्यांले सांगतात. काल भिंतीले टेकून उभे राह्यले अन् मोजली. गुडघ्यापर्यंत आली. "उतरून राह्यली नं?" म्हणाले. मी हो म्हटलं.

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहून राह्यली. धाकट्या गोपालले घेऊन आदिलाबादहून पहिली बस धर. माळ पायापर्यंत यायच्या आधी ये.

तुझी,
प्रणिता