मोटार आज गेली नाई

होळीनंतरचा तिसरा दिवस, १९५६

आज मोटार जाणार होती. माझा म्हातारा मेल्यापासून सहा वर्षं ती ढोरांच्या कोठ्यात उभी आहे. रंग उडाला, चाकं बसली. वामननं, माझ्या लेकानं, ती चांद्याच्या रहीम मिस्त्रीला विकली. बरंच केलं. मला तरी ते डबडं कशाला पाहिजे?

मिस्त्री ओढून न्यायला बैलजोडी घेऊन आला. मी टिनाची पेटी उघडून सुटे पुर्जे दाखवले. दर दिवाळीला मी ते तेलानं पुसत होती. काऊन पुसत होती, देव जाणे.

"बाई, असे पुर्जे नागपुरातही भेटत नाई," मिस्त्री म्हणाला.

मग त्यानं मोटारीचं दार उघडलं. मागच्या गादीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"इले उठवा, बाई."

"खुडूक कोंबडी उठवतेत काय रे? पिल्लं निघतीन तवा ये. एकवीस दिवसांनी."

"मंग पेटी त आज नेतो."

"पोरगी माहेरी अन् आंदण पुढं, असं कुठी होते काय?"

तो हसला आणि बैल घेऊन परत गेला. वामन मात्र तणतणला, "माय, कोंबडीले तेथीच बसाचं सुचलं काय?"

"तिलेच इचार," म्हटलं मी.

ती काय सांगणार बिचारी. काल सांजेला टोपल्यातून उचलून मीच तिला तिथं नेलं, खाली अकरा अंडी ठेवली. वहीत तरी खोटं काऊन लिहू? म्हातारा मोटार चालवे तेव्हा मी मागं बसायची, तीच बाजू दिली तिला. तिथं हादरे कमी लागतात.