शुक्रवार सहापर्यंत हरकत नसल्यास

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

ओकेलोचा फोन आला! तीन वर्षांनी. हॅलो नाही, काही नाही — "मॅडम, अजूनही लोकांची वाक्यं खोडता का?" मी म्हटलं, आता फक्त सोसायटीच्या नोटिसा खोडते. हसला. अकरा वर्षं माझा उपप्रमुख होता, बंद दारातूनही हे हसणं ऐकू यायचं.

मग मुद्द्यावर आला. शस्त्रं नष्ट करण्याच्या करारावर देखरेख करणाऱ्या आमच्या संस्थेत माझ्यानंतर विधी विभागाचे प्रमुख झालेले गृहस्थ मुदतीआधीच सोडून चालले. जूनमध्ये सगळ्या सदस्य देशांची परिषद. दोन देश करारातून बाहेर पडायच्या गोष्टी करताहेत. ते बाहेर पडले तर त्यांचे उरलेले सुरुंग कोण तपासणार, यावर कायदेशीर मत हवं आहे. महासंचालकांनी माझं नाव काढलं. जानेवारी ते जून, जिनिव्हा. पंधरा नोव्हेंबरच्या आत कळवा.

विचार करून सांगते म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच पासपोर्ट शोधायला लागले. त्रेसष्टाव्या वर्षी!

श्याम, माझा नवरा, समोरच खुर्चीत होता. फेब्रुवारीत झटका आला तेव्हापासून उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. पण कान आणि डोकं शाबूत. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, जीभ साथ देत नाही एवढंच. मी विचारलं, ऐकलंस ना? मान हलवली. जाऊ का? — तर खिडकीकडे बघायला लागला. आमच्या वारज्याच्या खिडकीतून काय दिसतं? समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे आणि हायवेवरचे ट्रक.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आज दिवसभर जिनिव्हात होते. म्हणजे भाजी निवडत होते, पण तिथे.

माझ्या खोलीतला रेडिएटर. पहिल्या हिवाळ्यात त्यावर पोळ्यांचा डबा ठेवायला लागले. अकराला ठेवला की एकला पोळी मऊ. आधी सगळे गालातल्या गालात हसले. वर्षभरात त्या रेडिएटरवर पाच डबे! सकाळची बैठक दहा मिनिटांची आणि उभ्यानेच. हा नियम माझा. वकिलांना बसायला दिलं की संपलंच. बारा माणसं, नऊ देशांची, आणि सगळी माझ्या लाल पेनाला घाबरायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला लिहू?

'नष्ट' या एका शब्दावर तीन आठवडे भांडलो होतो. एका देशाने तोफांच्या नळ्या मधोमध कापल्या, नीट रचून ठेवल्या आणि कळवलं, नष्ट केल्या. आमचे निरीक्षक म्हणाले, या परत जोडता येतील. मी मत दिलं — कापलं म्हणजे नष्ट झालं असं नाही, जे पुन्हा जोडता येत नाही ते नष्ट. दोन ओळींचं मत. ओकेलोने ते टाईप करून कॉफी मशीनवर चिकटवलं होतं.

इथे मी कोण? दोनशे तीन नंबरच्या फ्लॅटमधल्या काकू. पार्किंगच्या भांडणात तरी विचारतील वाटलं होतं, तेही विचारत नाहीत.

मला जायचं आहे. लिहून टाकते एकदाचं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

शुक्रवार! तिथले शुक्रवार आठवले.

आमच्याकडे बऱ्याच निर्णयांवर मतदान होत नसे. मसुदा सगळ्या देशांना जायचा, खाली तारीख आणि वेळ — बहुधा शुक्रवार, सहा. तोवर कुणी लेखी हरकत घेतली नाही तर सगळ्यांना मान्य. सगळे त्याला 'मौन' म्हणायचे. पावणेसहाला आख्खा विभाग फॅक्सच्या मशीनभोवती. कुणीतरी केक आणलेला. सहा वाजले की मी वहीत लिहायची — मौन पाळलं गेलं. मग केक कापायचा. या एका ओळीवर कितीतरी कोठारं रिकामी झाली. तिला माझ्या हाताचं वळण आहे, याचा मला अजून अभिमान वाटतो.

एकदाच घोटाळा झाला. २०१४. केक खाऊन घरी गेलो. शनिवारी ओकेलोने मशीनमध्ये कागद घातला आणि आतून एक पान सरकत बाहेर आलं. एका चिमुकल्या बेटाच्या वकिलातीचं. हरकत आहे. वेळ — पाच बावन्न. आमचा कागद संपला होता!

मोठे देश म्हणाले, सहाच्या आत मिळाली नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, हरकत पाठवली त्या क्षणी लागू झाली. मशीनमध्ये कागद नव्हता हा आमचा दोष, त्यांचा नाही. निर्णय परत उघडला. चार महिने फुकट गेले. एका राजदूताने पुढे दोन वर्षं माझ्याकडे बघून मान वळवली. पण त्या बेटाच्या बाई निवृत्त होताना मला भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, आम्ही बोललो हे मानणारे फार नसतात.

हे सगळं आज श्यामला सांगितलं. बहुतेक शंभराव्यांदा. पूर्वी म्हणाला असता, "या वेळी बेटाचं नाव बदललं का?" त्याचा आवाज ऐकून नऊ महिने होतील आता.

रविवार, २ नोव्हेंबर

वल्लरी आली, खराडीहून, ट्रॅफिकला शिव्या घालत. बाबाची दाढी करून दिली. मी जिनिव्हाचं सांगितलं. आधी एकदम खूश — "गो ना आई! सहा महिने आम्ही मॅनेज करू. मी इथे शिफ्ट होते, बाबाचं करायला दुर्गाबाई आहेतच."

मग मी म्हटलं, बाबा काही सांगत नाही. मागच्या वेळी कसं, त्याला विचारलं आणि सुटसुटीत झालं होतं.

ती भांडी पुसत होती. थांबली. "विचारलं नव्हतंस, आई. फ्रिजवर नोटीस लावली होतीस."

मी म्हटलं, तो विनोद होता, बाबाही हसला होता. ती म्हणाली, असेल. मी दहावीत होते, मला काय कळतंय. आणि पुढचं ताट पुसायला घेतलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

कालपासून तेच डोक्यात.

हो, लावली होती नोटीस. जून २०११. अर्धा कागद, चुंबकाखाली. 'मी विधी विभागप्रमुख म्हणून जिनिव्हाला जावे असा प्रस्ताव आहे. शुक्रवार सहापर्यंत हरकत नसल्यास मान्य समजण्यात येईल. — नीरजा.' तेव्हा मी त्याच संस्थेसाठी घरूनच सल्ल्याचं काम करायची, ही भाषा तोंडात बसली होती. आणि समोरासमोर विचारायचा धीर नव्हता. हेही लिहिते. तो 'नको' म्हणाला असता तर मी थांबले असते, आणि जन्मभर त्याला ते ऐकवलं असतं.

श्यामने चार दिवस त्याच फ्रिजमधून दूध काढलं, ठेवलं. शुक्रवारी सहा वाजून गेल्यावर कॉलेजातून आला. पेपर तपासायचे होते म्हणाला. फिजिक्सचे पेपर जूनमध्ये कुठले? हा प्रश्न मला आज पडतोय. कागद काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "अभिनंदन. पिशव्या कोणत्या नेणार?"

विमानतळावर म्हणाला, "जा. शस्त्रं संपली की ये." रांगेतले लोकसुद्धा हसले. मी तिकडे हा किस्सा किती जणांना सांगितला! माझा नवरा बघा किती विनोदी!

दर रविवारी फोन. इकडे सगळं ठीक, वल्लरी ठीक, मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकलो. अकरा वर्षं सगळं ठीक.

बुधवार, ५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. दुर्गाबाईंनी बाल्कनीत पणत्या लावल्या. श्याम बराच वेळ बघत बसला. मी जानेवारीतल्या विमानांच्या वेळा बघितल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुर्गाबाई यवतमाळकडच्या. श्यामचं सगळं त्याच करतात, आणि माझ्याशी बोलताना आडपडदा ठेवत नाहीत. आज म्हणाल्या, "ताई, तुमी दुपारी झोपता नं, तवा काका लिवते."

काय लिहितात?

थेरपीवाल्या मुलीने डाव्या हातासाठी पाटी-पेन्सिल सांगितली होती. आणली, आणि मला वाटलं रेघोट्या आणि गोळेच चालले असतील. दुर्गाबाई म्हणाल्या, नाही, अक्षरं. लिहितात, बघतात, मला पुसायला लावतात. तुमची चाहूल लागली की पाटी उशीखाली.

मला का नाही दाखवत? वाईट अक्षर दाखवायची लाज असेल. फळ्यावरचं त्याचं अक्षर सुरेख होतं. मुलं मजकूर सोडून त्याचं नुसतं वळण वहीत उतरवून घ्यायची. चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

सोमवार, १० नोव्हेंबर

परत विचारलं. शेजारी बसून, हात हातात घेऊन. श्याम, जाऊ का? हो किंवा नाही, नुसती मान हलव. त्याने माझ्याकडे पाहिलं. मान हलली नाही. डोळे मिटले.

वैताग आला. माणसाला मान हलवता येते, तरी हलवत नाही!

मग मी जे केलं ते लिहिताना बरं वाटत नाही. अर्धा कागद घेतला. तेच शब्द, फक्त 'विधी विभागप्रमुख'च्या आधी 'सहा महिन्यांसाठी प्रभारी'. शुक्रवार, सहा. पण फ्रिजवर नाही लावला. फ्रिजपर्यंत तो जाऊ शकत नाही. त्याच्या समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी चिकटवला. त्याने पूर्ण वाचला. मग तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला. हसला असं मला वाटलं.

वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ओकेलोची मेल. माझी जुनी खोली रिकामी करून ठेवलीय. रेडिएटर चालू आहे, असं खास लिहिलं आहे. वाचून रडू आलं, कशाचं ते कळलं नाही.

श्याम जेवला नीट. कागदाकडे बघत नाही. म्हणजे मान्य असावं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुपारी झोपले नाही. दार लोटून पडून राहिले. बाहेरून पाटीवर पेन्सिल ओढल्याचा आवाज. थांबतो, परत येतो, पुसल्याचा आवाज. तासभर. बाहेर जाऊन बघावंसं फार वाटलं. गेले नाही. मुदत माझी आहे, ती मी पाळायला हवी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सहाला आठ मिनिटं होती. दुर्गाबाईंनी हाक मारली. श्यामने उशीखालून पाटी काढली, स्वतः, आणि माझ्यापुढे धरली. वाकडीतिकडी अक्षरं — हरकत आहे.

मी मोठ्याने वाचलं. त्याने पाटी परत मागून घेतली. खाली आणखी लिहायला त्याला खूप वेळ लागला.

तेव्हाही होती.

सहा कधीच वाजून गेले. मी पाटी पुसून, पुढचं लिहायला त्याच्या हातात परत दिली आहे. मुदत घातलेली नाही.